डाव्या गार्डची जागा

वजनकाट्यावर ट्रक नव्हता. एक मुलगा उभा होता.

थियानं खिडकीच्या काचेतून पुन्हा एकदा नीट पाहिलं. गावच्या धान्यकोठाराचा हा काटा. गव्हाने, मक्याने भरलेले ट्रक इथे यायचे, तोलून आत जायचे. पण मे महिन्यातली दुपार, पेरण्या उरकलेल्या. सकाळपासून कुणी फिरकलं नव्हतं. आणि आता हा — लोखंडी फळ्यांच्या बरोबर मधोमध, हात मांड्यांना चिकटवून, फोटो काढायला उभं राहावं तसा.

तिनं लाऊडस्पीकरचं बटण दाबलं. "ट्रक कुठाय?"

मुलगा दचकला. आजूबाजूला पाहून मग लाऊडस्पीकरच्या खांबाकडे वळला आणि अदबीनं म्हणाला, "ट्रक नाहीये. मीच आहे."

"म्हणजे?"

"माझंच वजन करायचंय. घरच्या काट्यानं मान टाकली."

थियानं ओठ दाताखाली धरले. नेब्रास्काच्या या कोपऱ्यात लोक काहीही तोलून घ्यायचे, पण हे नवीन होतं. तिनं आकडा पाहिला. "दोनशे ऐंशी पाउंड. पण आमचा काटा वीस-वीसनं उडी मारतो, अगदी नेमकं नाही सांगता येणार."

"तीनशे... नाही ना झाले?"

"नाही."

त्याचा चेहरा असा पडला, की तिला वाटलं, निदान थोडंसं खोटं बोलायला हवं होतं.

"लोक वजन उतरत नाही म्हणून रडतात," ती म्हणाली.

"मला चढवायचंय," तो खांबालाच म्हणाला. मग कुठे त्याला काचेमागची मुलगी दिसली, आणि मानेपासून कानापर्यंत तो हळूहळू लाल होत गेला. एवढ्या मोठ्या देहाला लाल व्हायला वेळ लागतो, हे थियाला त्या दिवशी कळलं.

तो एमिल कुचेरा. नदीपलीकडच्या कुचेरांच्या शेतावरचा. राज्याच्या विद्यापीठाकडून फुटबॉल खेळायचा — खेळायचा म्हणजे, तीन वर्षं बाकावर बसून होता. तो लांबट चेंडू छातीशी धरून पळणाऱ्यांची नावं गावातल्या पोरासोरांना पाठ असतात. एमिल त्यांच्यातला नव्हता. तो पुढच्या फळीतला. चेंडूला हात लावायचा नाही. समोरून अंगावर येणाऱ्या आडदांड गड्याला छातीवर झेलायचं, रोखून धरायचं, म्हणजे मागचा चेंडूवाला सुखरूप निसटतो. यंदा त्या फळीत डावीकडे उभा राहणारा खेळाडू, म्हणजे डावा गार्ड, शिकून बाहेर पडला होता. जागा मोकळी होती. एमिलचं हे शेवटचं वर्ष, आणि प्रशिक्षकांनी सुट्टीला सोडताना बजावलं होतं — तीनशेच्या खाली परत येऊ नकोस.

मग तो दर शुक्रवारी यायला लागला. हातात कागदी पिशवी, पिशवीत आईनं भाजलेले कोबी-खिम्याचे गरम पाव. एक तो थियाला द्यायचा, बाकीचे उभ्या उभ्या संपवायचा.

"तुझी आई मुलगा वाढवतेय की बैल?"

"बैलाला कमी लागतं," तो गंभीरपणे म्हणायचा.

कोठाराचे म्हातारे मॅनेजर व्हर्न मागच्या खुर्चीतून पुटपुटायचे, "आमच्या वेळी पोरं फुलं घेऊन यायची. हा खिमा घेऊन येतो." थिया ऐकलं न ऐकल्यासारखं करायची. पण गुरुवारी रात्री केस धुवायची.

जूनमध्ये एका शुक्रवारी तो जायचं सोडून घुटमळला. "एक विचारू? म्हणजे... नाही म्हटलंस तरी चालेल. तुला गाडी चालवता येते?"

"येते की."

"चालवायची नाहीये. नुसतं स्टीअरिंग धरून बसायचं. मी मागून ढकलणार. पायात जोर येतो त्यानं."

थियानं हनुवटीवर हात ठेवला. "मुलांनी मला गाडीतून फिरवायला विचारलंय. गाडी ढकलत फिरवायला अजून कुणी विचारलं नव्हतं."

"मग... नको का?"

"किती वाजता येऊ, ते सांग."

संध्याकाळचा खडीचा रस्ता. दोन्ही बाजूंना मका — आधी गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा, मग खिडकीच्या वर. बंद इंजिनाची जुनी पिकअप बैलगाडीच्या चालीनं पुढे सरकायची. मागून फक्त खडीवर घासणारे बूट आणि त्याचा श्वास. शेताला पाणी देणारा लांबलचक फिरता फवारा मधूनच रस्त्यावर यायचा. काचेवर थेंबांचा सडा पडायचा, ओल्या मातीचा वास आत भरायचा. ती कोरडी, तो चिंब. आरशात तिला त्याचं सगळं दिसायचंच नाही — भिजलेले केस, कपाळ, आणि कधी त्यानं मान वर केलीच, तर डोळे.

एकदा त्यानं मान वर केली आणि बराच वेळ खाली घातली नाही. पिकअप सरळ गवतात उतरली.

"समोर बघ ना..." तो मागून धापा टाकत म्हणाला.

"तू खाली बघ ना," ती म्हणाली.

दमला की तो रस्त्याकडच्या एका झाडापाशी थांबून मागच्या फळीवर बसायचा आणि ती शेजारी. पिकअप त्याच्या बाजूला कलायची, त्यामुळे ती आपोआप त्याच्याकडे घसरायची. दोघांपैकी कुणीही त्याबद्दल कधी बोललं नाही.

"सामना चालू असताना लोक तुझ्याकडे बघतात?" तिनं विचारलं होतं.

"छे. चेंडूकडे बघतात. माझं नाव पुकारलं, तर समजायचं काहीतरी चुकलंय."

"आणि तुला चालतं ते?"

त्यानं बुटातला खडा झटकला. "मागचा पडला नाही की मला छान वाटतं. ते कुणी बघायलाच पाहिजे असं नाही."

थियानं नजर रस्त्याकडे वळवली. कारण तिनं त्याला अजून एक गोष्ट सांगितली नव्हती. हिवाळ्यात — हा काट्यावर येऊन उभा राहण्याच्या कितीतरी आधी — तिनं अलास्कातल्या एका खेड्यातल्या शाळेची नोकरी घेतली होती. लहानपणापासून तिला दूर कुठेतरी जाऊन शिकवायचं होतं. रस्ते नसलेलं, छोट्या विमानानं जायचं गाव. तेव्हा ती आनंदानं घरभर नाचली होती. आता ते आठवलं की ती कॅलेंडरकडे बघायचं टाळायची.

जुलैच्या मध्यावर आकडा तीनशेवर गेला. एमिलनं बूट काढले, खिशातल्या किल्ल्या बाजूला ठेवल्या, पुन्हा उभा राहिला. तीनशेच. तो हसला — पोटातून, खळखळून; त्याचं असं हसू ती पहिल्यांदाच ऐकत होती. व्हर्ननी टोपी काढून त्याला सलाम ठोकला. तो धावत खिडकीपाशी आला, काचेवर दोन्ही पंजे टेकले आणि म्हणाला, "थिया, आता ती जागा माझी."

तिला गप्प राहायचं होतं. निदान त्या दिवशी तरी. पण त्याचा तो चेहरा बघून तिला आणखी लपवणं जमेना.

"एमिल... मी ऑगस्टमध्ये जातेय. अलास्काला. वर्षभराची नोकरी आहे, शाळेत."

काचेवरचे पंजे हळूच खाली आले. "कधी ठरलं?"

"हिवाळ्यातच."

"चांगली आहे नोकरी?"

"हो. मला हवी होती तशी."

"मग छान," तो म्हणाला. "छानच झालं."

त्या संध्याकाळी तो नेहमीच्या झाडापाशी थांबला नाही. ढकलतच राहिला, थेट नदीच्या पुलापर्यंत. मका संपला, खडी संपली, ऊन उतरलं. आरशात फक्त खाली घातलेलं डोकं. थिया स्टीअरिंग धरून बसली होती आणि मनात एकच — बोल ना. काहीही बोल. तो थांब म्हणाला असता तर ती थांबली असती का, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. पण त्यानं म्हणावं, असं तिला इतकं वाटत होतं की डोळ्यांपुढचा रस्ता धूसर झाला होता.

पुलापाशी तो म्हणाला, "दमलो आज." एवढंच.

महिनाअखेरीस तो सराव-शिबिराला गेला. आणि मग थियाला कळलं की शुक्रवार हा एक अख्खा, रिकामा, लांबच लांब दिवस असतो. ट्रक येत, तोलले जात, निघून जात. संध्याकाळी मक्यावरून वारा आला की तिचे कान उगाच मागे वळायचे — खडीवर घासणाऱ्या बुटांच्या आवाजाकडे. फोनवर त्याचे दोन-चार ओळींचे निरोप यायचे. "मालाकाई म्हणून नवा मुलगा आलाय, युटाचा. एकोणीस वर्षांचा. दारात उभा राहिला तर खोलीत अंधार होतो. तोही डावा गार्ड." मग, "आज त्यानं मला दोनदा उताणं पाडलं. पोरगा गुणी आहे. माझ्याच खोलीत घोरतो." जेवलीस का, असंही तो विचारायचा. तू आठवतेस, असं मात्र कधीच नाही. तीसुद्धा कधी लिहायची नाही. बोट त्या अक्षरांवर जायचं... आणि परत यायचं.

तिचं विमान रविवारी सकाळी होतं. शनिवारी विद्यापीठाच्या मैदानावर लोकांसाठी खुला सरावसामना होता. संघाचेच दोन भाग करून खेळणार, आणि त्यानंतर जागा ठरणार. एमिलची आई मार्था तिला गाडीत घेऊन आली. दोघी शेजारी बसल्या.

चेंडू सुटला. थियानं एकदाही चेंडू पाहिला नाही. ती फक्त एमिलच्या पाठीवरचा सदुसष्ट नंबर पाहत होती — वाकलेला, एक हात गवतावर टेकलेला, दगडासारखा निश्चल. आणि मग एका क्षणात समोरच्याच्या छातीला भिडलेला. पाय मात्र सतत बारीक बारीक सरकणारे, खडीवर सरकायचे तसेच. अचानक भोवतीचे लोक ओरडत उभे राहिले.

"काय झालं, काकू?"

"कोण जाणे," मार्था म्हणाली. "मीही त्यालाच बघत होते. तीन वर्षं हे असंच. मला एकही सामना सांगता येत नाही."

तिनं थियाकडे वळून पाहिलं. जरा वेळ पाहतच राहिली. मग तिनं पावांची पिशवी थियाच्या मांडीवर ठेवली.

मधूनमधून एमिल बाहेर यायचा आणि त्याच्या जागी मालाकाई जायचा. काय बघायचं ते एमिलनं थियाला उन्हाळ्यात शिकवलं होतं, म्हणून तिला दिसलं. एमिल जे जिवाच्या कराराने करत होता, ते मालाकाई सहज करत होता. एमिल कुठे चुकला नाही. एकदाही नाही. तरीही तिचं मन हळूहळू खचत गेलं.

सामना संपल्यावर प्रशिक्षकांनी दोघांना बाजूला बोलावलं. लांबून शब्द ऐकू आले नाहीत. मालाकाईनं मान खाली घातली. एमिलनं पुढे होऊन त्याला मिठी मारली, पाठीवर थोपटलं. तेव्हाच तिला कळलं.

मैदानाभोवतीच्या तारेच्या जाळीपाशी तो आला. चेहऱ्यावर गवताचा हिरवा ओरखडा, बोटांना चिकटपट्ट्या.

"मालाकाई," तो म्हणाला. "डावा गार्ड."

"दिसलं मला."

"माझं काही कमी पडलं असतं तर बरं वाटलं असतं, थिया. काही हातचं राखलं असतं, तर म्हटलं असतं की ते आता काढू. पण सगळं केलं मी. सगळं. आणि तरी तो माझ्यापेक्षा चांगला आहे."

तिनं जाळीतून बोटं घातली. त्यानं आपलं कपाळ त्यांना टेकवलं.

"आता?"

"राखीव. कुणी जायबंदी झालं की मी. आणि ते गाढव तिकडे रडतंय. मलाच त्याला समजवावं लागलं." तो थोडंसं हसला, मग ते हसू कुठेतरी विरून गेलं. "उद्या किती वाजता?"

"सातला. तुझा सराव असेल."

"हो."

माणसं निघून जात होती. कुणीतरी गवतावर पाण्याचे फवारे सोडले. थियाला वाटलं, हे आता असंच संपेल — हो-नाहीच्या उत्तरांत, नीटनेटकं. तिला ते सहन होईना.

"त्या दिवशी पुलापर्यंत गेलास," ती म्हणाली. "एक शब्द बोलला नाहीस."

"बोललो असतो तर चुकीचं बोललो असतो."

"काय बोलला असतास?"

"आमच्या फळीत चेंडू सुटायच्या आधी हललं की दंड बसतो. त्याची सवय लागते, की—"

"फळीचं नको सांगू मला. काय बोलला असतास?"

तो लाल होत गेला. मानेपासून.

"जाऊ नकोस," तो म्हणाला.

"जाणार आहे मी."

"माहीत आहे. तू जायलाच हवं. जा." त्यानं श्वास घेतला. "पण जाऊ नकोस."

थियाला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू. "एवढंच? एवढ्यासाठी मी अख्खा उन्हाळा आरशात बघत बसले?"

"अजून आहे."

"मग सांग."

"जाळीतून नाही सांगता येणार."

फाटक मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. तो निघाला — दमलेला, गुडघे आखडलेला, डुलत डुलत. जाळीच्या अलीकडून थियाही निघाली, त्याच्या पावलाला पाऊल लावून. दोघं एकमेकांकडे बघत होते, त्यामुळे दोघंही दोनदा ठेचकाळले. फाटकापाशी पोहोचल्यावर त्यानं तिला मिठीत घेतलं, आणि जे सांगायचं होतं ते तिच्या केसांत सांगितलं. तिला निम्मंच ऐकू आलं. तेवढं पुरेसं होतं.

रविवारी ती गेली. अलास्कात बर्फ लवकर पडला, शाळेतली मुलं तिला आवडली, आणि दर शनिवारी ती रेडिओ लावून असा सामना ऐकायची ज्यात त्याचं नाव कधीच यायचं नाही. एकटं वाटायचं. खूप वाटायचं; कधी कधी इतकं, की खिडकीबाहेरच्या पांढऱ्या मैदानाकडे ती बघूच शकायची नाही. पण आता त्या वाटण्याला एक नाव होतं, आणि ते नाव रोज संध्याकाळी फोन करायचं — बहुतेक वेळा तोंडात घास असताना.