कुंडलच्या मनुबाईंचा तीनदा मागे गेलेला अर्ज

कुंडलच्या मनुबाईंना कॅनडाचा व्हिसा मिळाला. पासपोर्टच्या सातव्या पानावर, फोटोसकट. फोटोत त्या बिगरतिकीट प्रवास करताना धरल्यासारख्या दिसतात, पण व्हिसा अस्सल आहे.

तर, असं काहीही झालेलं नाही, हे धरून आपण पुढं जाऊ.

साताऱ्यात पोवई नाक्यावर राजेश्वरी शिंदे यांचं गुप्त चौकशीचं कार्यालय होतं. गुप्त असल्यामुळं पाटी मोठी होती. बहुतेक काम लग्नाच्या स्थळांचं: मुलगा पितो का, नोकरी खरी आहे का. त्यांचा सहकारी सिद्धू हा आटपाडीकडचा, चाळिशीचा, एकेकाळी मेंढरं राखलेला. हरवलेलं मेंढरू तो बरोब्बर शोधायचा. माणसांच्या बाबतीत मात्र समोर बसलेलाही त्याला सापडायचा नाही.

मे महिन्यात मनुबाई आल्या. हवालदाराची विधवा, वय अडुसष्ट, कापडी पिशवी मांडीवर. एकुलता मुलगा विश्वजीत पाच वर्षं कॅनडात. बँकेत नोकरी, नऊ ते पाच. दुमजली घर. घराचा फोटो त्यांनी पिशवीतून काढून दाखवला.

दोन वर्षांत त्यांनी व्हिसाचा अर्ज तीनदा केला होता. तिन्ही वेळा उत्तर एकच: अर्जदाराच्या विनंतीवरून अर्ज मागे घेण्यात आला आहे.

"मी कवा मागं घेतला?" मनुबाई म्हणाल्या. "मागं घ्यायची सोय ठाऊक असती तर आमच्या ह्यांना पलटणीतनं मागं घेतलं असतं."

चौथा अर्ज गेल्याच आठवड्यात भरला होता. तो मागं जायच्या आत चोर सापडायला हवा होता.

"तिकडं जाऊन काय करायचंय तुम्हाला?" राजेश्वरीनं विचारलं.

"त्याचं घर एकदा माज्या हातानं झाडायचं हाय. एवढंच."

सिद्धूनं वहीत लिहिलं: झाडू.

अर्ज मागं घ्यायला आधी पासवर्ड लागतो. तो होता नवऱ्याचा लष्करातला नंबर. इतका गुप्त की सोप्यातल्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं रंगवलेला होता. त्यानंतर मनुबाईंच्या फोनवर सहा आकडी ओटीपी येतो, दहा मिनिटं टिकतो. तो कुणाला सांगितला का, या प्रश्नावर मनुबाई जरा दुखावल्याच. बँकेची माणसं दरसाल गावात येऊन बजावून जायची. "परक्याला नंबर सांगायचा न्हाई. मी आजवर परक्याला सांगितला न्हाई."

दुसऱ्या दिवशी दोघं कुंडलला गेले. पहिला संशयित दीर, नाथाजी. मनुबाईंचा ऊस तोच बघायचा. त्याच्याकडं बटणांचा फोन होता आणि तोही तो लांब धरून बोलायचा, चावेल म्हणून. वहिनी जावी असं त्याला मनापासून वाटत होतं. पोराचा बंगला बघितलेलं घरातलं एक तरी माणूस गावाला दाखवता आलं असतं.

दुसरी शेजारीण चंद्राबाई. तिनं थेट कबुली दिली. "ती जाऊ ने असं मला वाटतं. मी देवाला तसं म्हनले बी. पर देवाकडं कंप्युटर हाय का?"

सिद्धूचे डोळे चमकले. चंद्राबाईला मनुबाईंशिवाय कुणी नव्हतं. दोघी मिळून उन्हाळ्यात वर्षाची चटणी कांडायच्या. औंदा पाच किलो विश्वाला पार्सल केली होती, तिकडच्या कुठल्याशा किराणा दुकानाच्या पत्त्यावर; नेहमी तिथंच जायची. गेल्या साली तर तेवढी दोन महिन्यांत संपली म्हणून त्यानं आणखी मागवली. "लय आवडती त्याला," चंद्राबाई म्हणाली.

तिसरा, मनुबाईंचे अर्ज भरून देणारा सांगलीचा एजंट पप्पू. त्यानं निमूटपणे नोंदी उघडून दाखवल्या. तिन्ही अर्ज आपल्याकडच्या दुपारी बारा ते सव्वाबाराच्या मधे मागं गेले होते.

"बाराला तुम्ही कुठं असता?" राजेश्वरीनं मनुबाईंना फोन करून विचारलं.

बाराला कारखान्याचा भोंगा व्हायचा. भोंगा झाला की विश्वाचा व्हिडिओ कॉल. रोज. मायलेक संगट जेवायचे: मनुबाई सोप्यात, तो बँकेच्या कॅन्टीनमधे. कॅन्टीन लय मोठं, मागं छपरापर्यंत खोकी रचलेली. चंद्राबाईही शेजारी बसायची.

"मिटलं," सिद्धू परतताना म्हणाला. "चंद्राबाई. जवळ बसून नंबर बघती."

"तिला अक्षरओळख नाही, सिद्धू. तिच्या पार्सलवरचा पत्तासुद्धा दुसऱ्यानं लिहिलाय."

सिद्धूनं वहीतलं चंद्राबाईचं नाव खोडलं.

शुक्रवारी साडेअकराला राजेश्वरीनं सगळ्यांना मनुबाईंच्या सोप्यात बसवलं. पप्पूही आला होता. नाथाजीनं नवी टोपी घातली होती.

"नाथाजींना फोन जमत नाही," तिनं सुरुवात केली. "चंद्राबाईंना वाचता येत नाही. पप्पूकडं पासवर्ड आहे, पण ओटीपी मनुबाईंच्या हातात. म्हणजे तो मनुबाईंनीच कुणाला तरी सांगितला. परक्याला नाही, हे खरं. परका नसलेल्याला सांगितला का, हे मी विचारलंच नव्हतं."

मनुबाई म्हणाल्या, विश्वानं मागितला तर सांगायचा न्हाई व्हय? अर्ज फुडं सरकवायला लागतो म्हनला.

"इथं बारा वाजतात तेव्हा तिकडं रात्रीचे अडीच असतात. नऊ ते पाचवाला माणूस अडीचला कॅन्टीनमधे जेवत नाही. छपरापर्यंत खोकी बँकेत नसतात, गोदामात असतात. पाच किलो चटणी एकट्यानं दोन महिन्यांत संपवली तर त्याला मिरजेच्या दवाखान्यात भरती करावं लागतं. ती एका खोलीत राहणाऱ्या सात-आठ जणांत संपते. आणि दुमजली घर असलेला माणूस पार्सल किराणा दुकानात मागवत नाही." राजेश्वरी मनुबाईंकडं वळली. "तुम्ही गेलात तर ते घर दाखवावं लागलं असतं. म्हणून तो अर्ज भरू द्यायचा, आणि मागं घ्यायचा. हे स्थळ म्हणून आलं असतं, तर मी पहिल्या दिवशीच सांगितलं असतं."

नाथाजीनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

मनुबाईंनी ट्रंकेकडं बघितलं. मग म्हणाल्या, "अडीचला जेवतो व्हय? रोज?"

भोंगा झाला. फोनवर एकदा टिंग झालं, मग तो वाजायला लागला. राजेश्वरीनं मान हलवली: सांगू नका. मनुबाईंनी कॉल घेतला.

"आलाय रं नंबर. सांगते. चार." थोडं थांबून, "जेवलास का?" मग डब्यात काय होतं ते विचारलं. भाकरी कोण करतं. "सात." पायाचं दुखणं कसं हाय. थंडी हाय का. चादर हाय का. "शून्य. का नऊ हाय हे? थांब, चष्मा बघते." चष्मा नाकावर होता.

सहा आकड्यांना अकरा मिनिटं लागली. पलीकडून विश्वजीत म्हणाला की नंबर चालत नाही, उद्या बघू. मनुबाई म्हणाल्या, बरं. फोन ठेवला आणि ताट पुढं ओढलं. भाकरीला हात लावला नाही.

कॅनडाचा होकार मात्र त्याच रात्री आला. पुढं पासपोर्टही आला. मनुबाईंनी विश्वजीतला सांगितलं, "न्हाई म्हनले रं." तो तासभर त्यांची समजूत काढत होता. इतका वेळ तो कधी बोलला नव्हता.

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा पोवई नाक्यावर आल्या. राजेश्वरी एका स्थळाच्या मागावर गेली होती. सिद्धूचं अक्षर बरं होतं, म्हणून त्यांनी त्यालाच लिहायला बसवलं. तुमी जावा की, मावशी, असं तो एकदा म्हणाला.

"कुठं जाऊ? व्हिसा हाय. पत्ता कुठं हाय?"

सिद्धूनं पेनाचं टोपण काढलं.

*प्रति,*
*मा. व्हिसा अधिकारी साहेब, कॅनडा.*

*विषय : मंजूर व्हिसा नामंजूर करून मिळणेबाबत.*

*महोदय,*
*विनंती अर्ज सादर करण्यात येतो की, अर्जदार मनुबाई हिचा व्हिसा आपल्या सहीशिक्क्यानिशी नामंजूर करण्यात यावा. कारणाच्या रकान्यात "अर्जदार म्हातारी आहे" एवढेच नमूद करावे. मुलाचा दोष कोठेही दिसू नये. सदर आदेशाची एक प्रत मुलास त्याच्या राहत्या पत्त्यावर पोच करावी. राहता पत्ता अर्जदारास माहीत नाही. आपल्या कार्यालयास तो आढळून आल्यास अर्जदारासही कळविण्याची कृपा व्हावी, ही नम्र विनंती.*