घराआधी ओसरी

मानेवर गार पाण्याची चिळकांडी बसली आणि हलीनाच्या हातातली खडू लावलेली दोरी सुटली. डांबरावर सरळ उमटायची निळ्या खडूची रेघ सापासारखी वाकडी झाली. ती गर्रकन वळली. समोर एक उंच, काळासावळा तरुण उभा होता... हातात प्लॅस्टिकची पिचकारी, आणि चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा.

"अरे देवा! मला वाटलं, तुम्ही आमची रोझेट. मागून अगदी तसंच जाकीट—"

"आजच्या दिवशी कुणावर पाणी उडवायचं असतं, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. जी आवडते तिच्यावर."

"मग? रोझेट आवडते?"

"रोझेट माझी मावसबहीण आहे हो! सकाळी तिने मला अंथरुणात भिजवलं, त्याचा सूड होता."

ईस्टरनंतरच्या सोमवारी अमेरिकेतल्या या बफेलो शहरात सगळेच पोलिश असतात. पोरांनी पोरींना भिजवायचं आणि पोरींनी विलोच्या कोवळ्या फांद्यांनी पोरांच्या पोटऱ्या झोडायच्या, ही रीत. हलीना विटेक तर आजोबा-पणजोबांपासूनची पोलिश, ती कशी गप्प बसेल? फांदी नव्हती, पण लाकडी मोजपट्टी हाताशी होती. तिने ती सपकन हाणली.

"आई गं!" तो एका पायावर नाचला. "मोजून मारता वाटतं?"

हलीनाला हसू आवरेना. मानेवरून पाणी पाठीत उतरत होतं, गावाजवळच्या तळ्यावरचं वारं बोचत होतं, आणि तरी तिला तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

"काय आखताय?"

"घर. पाच घरं खरं तर, एकेका कुटुंबाचं एकेक."

त्याचं हसू मावळलं. "इथे? भर गावात? म्हणजे त्या बिल्डर तुम्हीच..." त्याने पिचकारी पाठीमागे लपवली. "मी अॅन्सेल टिब्ज. ते समोरचं घर आमचं." अख्ख्या गल्लीत उरलेलं ते एकमेव घर होतं, बाकी सगळीकडे पार्किंगचं डांबर. "आणि माझी आत्या तुम्हाला परवानगी मिळू देणार नाही."

अर्लीन आत्या म्हणजे त्या भागातल्या शेजाऱ्यांच्या मंडळाच्या अध्यक्ष. जमीन शहराची होती, आणि ती हलीनाच्या घरांना द्यायची की पार्किंगचा मनोरा बांधू पाहणाऱ्या व्यापाऱ्याला, हे नियोजन समिती ठरवणार होती. मंडळाचा शब्द तिथे वजनदार. याआधी दोनदा बिल्डर आले होते, नव्या घरांच्या बाता मारून जुनी घरं पाडून गेले होते. मागे खड्डा राहिला, खड्ड्यावर डांबर आलं. अर्लीन आत्यांचं तोंड उगाच कडू नव्हतं.

हलीनाने मात्र या घरांपायी उपनगरातली चांगली नोकरी सोडली होती. परवानगी नाही मिळाली तर गाशा गुंडाळून भावाकडे दूर उन्हातल्या फिनिक्सला जायचं, असं तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

"शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळतात," जाता जाता अॅन्सेल म्हणाला. "नकाशा घेऊन या. पोट भरलं की आत्या जरा मऊ होते."

मऊ कुठली! आत्यांनी माशाचा तुकडा संपवला, हात पुसले, चष्मा चढवला आणि नकाशावर बोट ठेवलं.

"हे पुढे काय आहे?"

"गॅरेज."

"आणि बसायचं कुठे?"

"मागे, मिस अर्लीन. अंगणात... छान एकांत मिळतो."

"एकांत!" आत्या टेबलावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "बाई, या गल्लीत एकांत सोडून दुसरं आहे काय? बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंत आम्ही ओसरीवर राहतो. कोण आलं, कोण गेलं, कुणाचं पोर रडतंय... ते सगळं ओसरीला कळतं. तुझ्या घराला तोंडच नाही. रस्त्याकडे पाठ करून बसलंय ते."

हलीनाने आशेने अॅन्सेलकडे पाहिलं. तो शांतपणे म्हणाला, "आत्याचं बरोबर आहे."

तिचा चेहरा लाल झाला. नकाशा गुंडाळून ती तडक बाहेर पडली. तो मागोमाग धावला.

"माझ्या बाजूने एक शब्द बोलला असतात तर जीभ झडली असती का?"

"खोटं बोललो असतो तर तुम्ही खूश झाला असतात. आणि घरं राहिली असती कागदावरच." तो थांबला, मग हळूच म्हणाला, "मला ती उभी राहायला हवी आहेत. समोरच्या खिडकीत दिवा दिसून किती वर्षं झाली, ठाऊक आहे? आणि... आता तर फारच हवी आहेत."

"आता म्हणजे?"

"सोमवारपासून."

तिने रागाने बघायचं ठरवलं होतं. जमलं नाही.

हलीनाने नकाशा पार फाडला आणि नवा काढला. गॅरेज मागच्या बोळाकडे गेलं, ओसरी पुढे आली, थेट पदपथाला भिडली. रोज दुपारी अॅन्सेल कॉफी घेऊन यायचा आणि पेन्सिलींना टोक काढत बसायचा. काम काहीच नसायचं त्याचं. 'अहो-जाहो' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

समिती जागा पाहायला येणार होती, त्या दिवशी एप्रिलमधलं खास बफेलोचं हवामान होतं— अर्धा पाऊस, अर्धा बर्फ. हलीना धावतपळत पोचली आणि जागच्या जागी उभी राहिली.

तिने आदल्या दिवशी मेणखडूने डांबरावर आखलेल्या ओसरीत लोक बसले होते! घरून आणलेल्या खुर्च्या टाकून, डोक्यावर छत्र्या धरून, थर्मासमधली कॉफी ओतत गप्पा चालल्या होत्या. घराचा पत्ता नव्हता, ओसरी मात्र गजबजली होती. आणि मधोमध, गुडघ्यांवर गोधडी घेऊन, अर्लीन आत्या.

"मिस अर्लीन... तुम्ही?"

"जागा पुरते का बघतेय. पाय लांब केले की रेघेबाहेर जातात माझे. वीतभर वाढव."

हलीना तिथेच ओल्या डांबरावर गुडघे टेकून बसली आणि रेघ वाढवली. कडेला उभा असलेला अॅन्सेल साळसूदपणे आभाळ बघत होता. खुर्च्या कुणी गोळा केल्या, हे विचारायची गरज नव्हती.

समितीची मंडळी आली. पार्किंगवालाही आला होता. तो हसून म्हणाला, "हे नाटक छान आहे. पण संध्याकाळनंतर इथे कुत्रं फिरकत नाही. भर गावात घर करून राहणार कोण?"

"मग मी कोण?" आत्या कडाडल्या. मग त्याला सोडून त्या हलीनाकडे वळल्या. "पण आधीच्या दोघांनाही मी एकच प्रश्न विचारला होता, तो तुलाही विचारते. घरं बांधून झाली, की तू कुठे राहणार?"

छत्र्यांवर नुसती टपटप.

पंधरा-वीस घरं बांधली होती हलीनाने, राहिली एकाही घरात नव्हती. तिने अॅन्सेलकडे पाहिलं. तो मान खाली घालून बुटांकडे बघत होता, हट्टाने, जणू आपल्या नजरेचं ओझंसुद्धा तिच्यावर पडू नये. त्या खाली घातलेल्या मानेवर तिचा जीव जडला. फिनिक्स, भाऊ, ऊन... सगळं कुठल्या कुठे गेलं.

"इथे," ती म्हणाली. आवाज आधी कापरा होता, मग खणखणीत झाला. "इथेच राहणार. पहिलं घर माझं."

आत्यांनी शेजारची रिकामी खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"मग स्वतःच्या ओसरीवर पाहुण्यासारखी उभी काय राहिलीस? बस."

हलीना बसली आणि हमसून हमसून रडली. समितीने त्याच आठवड्यात एकमताने परवानगी दिली. पार्किंगवाल्याने म्हणे मनोरा दुसऱ्या गावाला नेला.

जुलैच्या लख्ख उन्हात पहिल्या घराची पुढची भिंत उभी करायची होती. जमिनीवर जोडलेला तो भला मोठा लाकडी सांगाडा उचलायला अख्खं मंडळ जमलं. आत्या खुर्चीतून हुकूम सोडत होत्या. हलीना आणि अॅन्सेल खांद्याला खांदा लावून उभे होते.

"एक विचारू?" तो कुजबुजला. "परवानगी कसली मिळालीय तुला?"

"एका कुटुंबाच्या घराची. का?"

"आणि राहणार कोण? तू एकटी?"

"हो."

"मग नियमात कसं बसणार ते? एकट्या माणसाला काय कुटुंब म्हणतात?" तो सांगाड्याकडेच बघत होता. "समिती फार कडक आहे, हलीना. माझं ऐक... कायद्याने राहू. दोघं."

"अॅन्सेल टिब्ज! भिंत उचलताना मागणी घालतोस?"

"दोन्ही हात अडकलेत तुझे. आता मोजपट्टी मारता येणार नाही, म्हणून आत्ताच."

"काय खुसुरफुसुर चाललीय?" आत्या ओरडल्या. "उचला!"

"हो!" हलीना एवढ्या जोरात ओरडली की सगळ्यांना वाटलं, ती आत्यांनाच उत्तर देतेय. एकट्या अॅन्सेललाच कळलं. त्याने असा काही जोर लावला, की भिंत सरसर वर चढली, क्षणभर डुलली आणि ताठ उभी राहिली. सगळं मंडळ टाळ्या वाजवू लागलं. आणि खिडकीच्या मोकळ्या चौकटीत, सगळ्यांच्या देखत, हलीनाने त्याच्या गळ्यात हात टाकले.