दिवेकाकांची हजेरी

त्या दुपारी भाचीकडे गेलो तो भांडायला. जन्मभर बातमीदारी केली. भांडण हा माझा पोटापाण्याचाच धंदा. निवृत्तीनंतर एका संस्थेसाठी बातमीलेखनाचा ऑनलाइन वर्ग घेत होतो आणि त्याची व्यवस्था भाची एका स्प्रेडशीटवर सांभाळायची. एका ओळीत एक विद्यार्थी, उभ्या रकान्यांत तारखा, शेवटी एक रकाना शेऱ्याचा. वर्ग सुरू झाला की ज्याने त्याने आपापल्या ओळीत ‘हजर’ लिहायचं. कुणी शीट उघडली की त्याची रंगीत चौकट पडद्यावर फिरताना दिसायची. आता संस्थेचा हुकूम आला होता : गैरहजरांच्या ओळी काढून टाका, म्हणजे निकालाची टक्केवारी सुधारेल.

“माणसं खोडून यश वाढवायचं? लाज कशी वाटत नाही!” मी दारातूनच ओरडलो.

“मामा, आधी चपला तर काढ.”

पहिली ओळ जाणार होती ती दिवेकाकांची. दीपगृहाचे रखवालदार, म्हणून वर्गाने त्यांना ठेवलेलं हे नाव. गेल्या आठवड्यात त्यांची होडी समुद्रात रिकामी सापडली होती. शोध चालू होता. पण बंदर अधिकारी आज तो थांबवणार होते. काकांची मुलगी धक्क्यावर बसून होती.

खिडकीबाहेर धुकं दाटलं होतं. समोरचं घर विरघळल्यासारखं नाहीसं झालं. वर्गाची वेळ झाली, शीटमध्ये एकेक चौकट उमलू लागली. त्यांतली एक निळी चौकट पाण्यावर पान तरंगावं तशी सावकाश खाली आली आणि काकांच्या ओळीत थांबली.

ह... ज... र.

“मामा...” भाचीने पडद्यावर बोट ठेवलं. “त्या ओळीतली हजेरी फक्त त्यांच्याच खात्यातून भरता येते.”

मी लगेच काकांच्या मुलीला फोन लावून हे सांगितलं.

“सर, म्हणजे बाबा आहेत?”

“आहेत. त्या साहेबाला फोन दे.”

“धुक्यात बोट सोडली तर माझी माणसं बुडतील,” अधिकारी म्हणाला.

“नाही सोडलीत, तर उद्याच्या पेपरात तुम्ही बुडाल!”

बोट सुटली, अधिकारी स्वतः निघाला. ‘बाबा माझा आवाज ओळखतील,’ म्हणत मुलगीही तीत चढली. तिचा फोन अधिकाऱ्याकडेच राहिला.

वर्ग आम्ही रद्द केला. बाकीच्या चौकटी विझल्या, निळी मात्र तिथेच होती. खोलीत ओल्या दोरखंडासारखा वास येऊ लागला. भाचीने काकांच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : काका, कुठे आहात?

बऱ्याच वेळाने तिच्या प्रश्नाखाली अक्षरं उमटली. इथेच. फार शांत आहे. सगळं पांढरं.

भाचीला रडू फुटलं. हसत हसतच तिने लिहिलं : तुमची मुलगी येतेय.

निळी चौकट हलली नाही. मग काकांच्या ओळीखाली आपोआप एक नवी, कोरी ओळ उघडली.

“ही तू घातलीस?”

तिने नकारार्थी मान हलवली. “नवी ओळ माझ्याशिवाय कुणाला घालताच येत नाही...”

फोन वाजला. बंदर अधिकारी होता. बोलण्यातला तोरा पार उतरला होता.

“सापडले. खडकांपाशी. होडी सापडली त्याच दिवशी गेले असावेत... चेहरा ओळखण्यासारखा उरलेला नाही, दीपगृहाच्या गणवेशावरून कळलं.”

मी पडद्याकडे पाहिलं. निळी चौकट अजून तिथेच होती.

“मुलगी?”

“ऐकत नाहीये. पुढच्या टोकाला उभी राहून हाका मारतेय. म्हणते, बाबा ओ देतायत.”

“तिला मागे ओढा,” मी म्हणालो.

पडद्यावर नव्या ओळीत तिचं नाव उमटत होतं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. नंतर निळी चौकट सरकत आजच्या तारखेच्या रकान्यात आली.

ह...

“तिला धरा! अहो, आधी तिला धरा!”

पलीकडे इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं. कुणीतरी धावलं. लाटा फळ्यांवर हळुवार आपटत होत्या, आणि हाका थांबल्या होत्या.

शीटमध्ये, निळ्या चौकटीला अगदी खेटून, दुसऱ्या रंगाची एक चौकट उघडली.