एकच टाळी

फोन आला तेव्हा वन्नफा वखारीत ड्युरियनच्या फणसासारख्या काटेरी, जड फळांचे देठ तपासत होती. "तुझे वडील गेले," बागेची मालकीण सुनिसा म्हणाली. "फळ डोक्यात पडलं."

तिचे वडील थाविन बागेत तोडणाऱ्यानं वरून सोडलेली फळं गोणपाटात झेलायचे. संध्याकाळपर्यंत बातमीला फाटे फुटले. गळलेलं फळ ज्याला सापडेल त्याचं, ही बागेची रीत. म्हातारा थाविन म्हणे तेच उचलायला तोडणी चालू असताना झाडाखाली घुसला. देवळात शवपेटीसमोर जेवणाच्या पंगतीत एक बाई म्हणाली, "म्हातारपणी हाव सुटते हो."

वन्नफानं ताट खाली ठेवलं.

सकाळ होताच ती बागेत पोचली. भिक्खू येऊन मंत्र म्हणेपर्यंत त्या जागी काही हलवायचं नाही, असं सुनिसानं बजावलं होतं. झाडाखाली केळीच्या पानांनी झाकलेली दोन फळं. एकाचे काटे मोडलेले, त्यावर काळपट डाग. दुसऱ्याचे काटे शाबूत, त्यांत तागाचे धागे अडकलेले.

पिकून गळणारं फळ देठाच्या फुगीर गाठीशी सुटतं. या दोन्ही फळांचे देठ गाठीच्या वर सुरीनं कापलेले होते.

शेडमध्ये नवीकोरी हेल्मेटं प्लास्टिकसकट टांगलेली होती. खाली मुकादम सनान चहा पीत बसला होता.

"मुकादम, तुम्ही कुठे होतात?"

"रस्त्यावर, ट्रकपाशी. इंजिनच्या घरघरीत स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता."

"बाबांचं गोणपाट कुठे गेलं?"

"असेल कुठेतरी. अख्खी बाग गोणपाटांनी भरलीय. पोरी, बाप पेटीत आहे अजून. घरी जा."

"फळ झेलायला ते एकटेच होते?"

"तू काय पोलिसात लागलीस?"

पाण्याच्या टाकीमागे वुथी सापडला. कंबोडियातून दर हंगामाला येणारा तोडणीवाला. तो देवळाकडे फिरकलाच नव्हता.

"झाडावर तू होतास," वन्नफा म्हणाली.

"ताई, मला काही विचारू नका."

"झेलणाऱ्याकडून होकार आल्याशिवाय देठ कापत नाहीत. बाबांनी होकार दिला?"

"काकांचा घसा बसला होता. कधी नव्हे ती टाळी वाजवली. मी हाक मारली, टाळी आली, मी कापलं. मग धप्प. मीच मारलं त्यांना."

"टाळीचं कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. मुकादम धावत आले. फळ आपोआप पडलं म्हण, नाहीतर तुरुंगात सडशील, म्हणाले. पुढचं ऐकूनच घेतलं नाही."

"किती फळं कापलीस?"

"एकच. नुकता तर चढलो होतो."

ती झपाझप परत निघाली.

भिक्खूंची वाट बघत मजूर झाडाभोवती जमले होते. सुनिसाही होती. वन्नफानं केळीची पानं बाजूला सारली.

"हे फळ गळलेलं नाही. कापलेलं आहे."

सगळ्यांच्या माना वुथीकडे वळल्या. सनान पुढे आला.

"बरं, मग ऐकाच! मी या पोराला पाठीशी घालत होतो. थाविननं टाळी दिली, यानं फळ सोडलं, म्हाताऱ्याचा अंदाज चुकला. झालं समाधान?"

"टाळी?" वन्नफा म्हणाली. "बाबा जन्मभर ओरडून होकार द्यायचे. इथल्या कुणालाही विचारा. टाळी फक्त त्या दिवशी वाजवली, आणि वुथी ते आज पहिल्यांदा माझ्याशी बोलला. ट्रकपाशी तर तुम्हाला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता."

ती शाबूत फळापाशी वाकली.

"फळं दोन आहेत. वुथीनं एकच कापलं. हे शाबूत फळ जमिनीवर आपटलेलंच नाही, ते गोणपाटात झेललेलं आहे. धागे बघा. म्हणून तर ते गोणपाट तुम्ही लपवलंत. दुसरं फळ कुणाचं? टाळी ऐकू येईल इतक्या जवळ, शेजारच्या झाडावर तुम्ही होतात. दोघांनी एकाच दमात हाक मारली. बाबांना एकच ऐकू आली. त्यांनी एकच टाळी वाजवली आणि ती दोघांनी आपलीच मानली."

"सनान," सुनिसाचा आवाज चिरकला, "एका तोडणाऱ्यामागे एक झेलणारा, हा नियम तूच घातलास ना?"

"माझ्या झेलणाऱ्याला माल भरायला पाठवलं होतं. ट्रक खोळंबला होता." सनान खाली बघत होता. "म्हटलं, थाविन मुरलेला माणूस. दोघांचं सांभाळेल."

"त्यांना सांगितलंत, की वर दोघं आहात?" वन्नफानं विचारलं.

सुनिसानं पोलिसांना फोन लावला. काल पंगतीत बोललेली बाई मागच्या मागे गर्दीतून निघून गेली.

वुथी अजून त्या शाबूत फळाकडे बघत होता.

"बाबांना वर फक्त तूच माहीत होतास, त्यांची नजर तुझ्याकडेच होती. तुझं फळ त्यांनी झेललं, वुथी," वन्नफा म्हणाली.

तो हुंदके देऊ लागला. तिनं त्याला रडू दिलं. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आज दुपारी दहन आहे. पेटी उचलायला एक माणूस कमी पडतोय. ये."