दुसऱ्याचा ‘मी’

त्या दुपारीही फोन मी ड्रायरला टेकून बसूनच घेतला. आमच्या श्रूजबरीच्या घरात शांत म्हणावी अशी एकच जागा, बेसमेंटमधली लाँड्रीची खोली. बाहेर सकाळपासून बर्फ पडत होता, डेकेअर बंद होतं आणि साडेतीन वर्षांची आन्या वर कशीबशी झोपली होती.

पुण्यात शिकलेलं फ्रेंच अमेरिकेत पोटापाण्याला लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. वर्क परमिट आल्यावर बॉस्टनच्या एका लहानशा संस्थेनं घरबसल्या फोनवरून दुभाष्याचं काम दिलं. पूर्व काँगोतल्या लढणाऱ्या टोळ्या, शांतिसेनेचे अधिकारी आणि गावोगावची माणसं यांच्यात ही संस्था मध्यस्थी करायची. कामाचा पहिला नियम असा, की ‘तो म्हणतो’ असं म्हणायचंच नाही. जो बोलेल त्याचा ‘मी’ तोच आपला ‘मी’. त्यामुळे आठवडाभर मी कधी बंडखोर कर्नल असायचे, कधी एखादी नन, आणि वॉशर थांबला की पुन्हा आई. आईचं सोडलं तर बाकी सगळं मला बरं जमायचं.

इंग्रजीतल्या ‘मी’वरून बाई की पुरुष ते कळत नाही, म्हणून काम सोपं. मराठीत मी पहिल्याच वाक्याला ‘गेलो’ म्हणू की ‘गेले’ इथे अडकले असते.

फोनवर कांबाले मास्तर होते. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा मला सरळ कांबळे ऐकू आलं होतं, आणि तेव्हापासून ते मला परके वाटेनात. डोंगरातल्या शाळेचे मास्तर. संस्थेनं दिलेला सॅटेलाइट फोन त्यांच्याकडे असायचा. तिथे संध्याकाळ झाली होती. शाळेत मुलं होती, पळापळीत आईबापांपासून सुटलेली, आणि गोळीबार जवळ येत चालला होता. आमची मध्यस्थ एलन दुसऱ्या फोनवर दोन्ही बाजूंना विनवत होती, की रस्ता मोकळा द्या, शांतिसेनेचे ट्रक जाऊ द्या. मधेच ती आमच्या लाइनवर आली आणि इंग्रजीत काही बोलली. ते मी फ्रेंचमध्ये म्हटलं.

“मुलांना घेऊन तिथेच थांबा, मास्तर. ट्रक येतायत. मी आहे... मी फोन ठेवणार नाही.”

“बरं,” ते म्हणाले. “थांबतो.”

एलन पुन्हा दुसऱ्या फोनवर गेली. आता लाइनवर फक्त त्यांचा श्वास होता, आणि मागे मुलांची कुजबुज, वर्गात मास्तर नसताना चालते तशी. थोड्या वेळानं तीही ऐकू येईना. मी हॅलो हॅलो करत राहिले.

ट्रक दुसऱ्या दिवशी पोचले. वाटेतला पूल गेला होता. शाळेत कुणी नव्हतं, एलननं सांगितलं. ती फार थकलेली वाटली. मीही थकले होते, पण म्हटलं, आपण काय, इकडचे शब्द तिकडे देणार. मास्तरांना इंग्रजी येत नव्हतं, त्यांच्या लेखी ‘मी आहे’ म्हणाली ती बाई मीच, हे माझ्या लक्षात आलं ते रात्रीची भांडी लावताना.

त्याच आठवड्यात आन्या “मी थांबलो” म्हणायला लागली. दुधाचा कप हातात धरून, भिंतीकडे बघत. सत्यजितला, माझ्या नवऱ्याला, हसू आलं. म्हणाला, माझं ऐकून बोलते गं ती. इथल्या सगळ्या पोरांचं असंच. तो शेजारचा कबीर बघ, चांगला मुलगा असून ‘मी आली’ म्हणतो. तुला काळजीला रोज नवीन काहीतरी लागतं. ते खरंच होतं. तापापासून कार्पेटच्या धुळीपर्यंत मी सगळ्याचीच काळजी करते, त्यामुळे खऱ्या काळजीला घरात कुणी विचारत नाही.

पुढच्या सोमवारी पुन्हा बर्फ. साडेचारलाच अंधारून आलं. मी लाँड्रीच्या खोलीत घड्या घालत होते, आन्या पायरीवर बसली होती. तिथे एरवी गरम कपड्यांचा वास असतो. त्या दिवशी ओल्या मातीचा यायला लागला, आणि रॉकेलचा, नुकताच कंदील विझवल्यासारखा.

“मी थांबलो,” आन्या म्हणाली.

“थांबले म्हण, पिल्लू.”

“नॉट मी, आई.” तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “मी नुसती सांगतेय.”

हातातला टॉवेल तसाच राहिला. नुसती सांगतेय... स्वतःपुरतं तिला अगदी बरोबर येत होतं.

मग तिनं मान जराशी तिरकी केली. समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत मी करते तशी.

“बाई... तुम्ही म्हणालात, मी आहे.”

तिला ‘तुम्ही’ येत नाही. आजोबांनाही ती फोनवर ‘तू’ म्हणते, आणि दर रविवारी मी ओशाळते.

“मास्तर,” मी म्हटलं. कुठे बघून बोलायचं ते कळेना, म्हणून मुलीच्याच तोंडाकडे बघत राहिले. “ते शब्द माझे नव्हते... एलनबाईंचे होते. मी फक्त...”

आन्या भिंतीकडे वळली. हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटली, ते मराठी नव्हतं. मग तिनं वाट पाहिली.

“मग तुम्ही कोण?”

तिचे ओठ निळसर दिसत होते. मी तिचा हात धरला तर बाहेरच्या रेलिंगला हात लावल्यासारखं झालं. अजून एक वाक्य हिच्यातून गेलं तर ही मला परत मिळायची नाही, एवढंच मला कळत होतं.

“मीच म्हणाले होते,” मी म्हटलं. “माझ्या मुलीला सोडा... तुम्ही या. मुलांना घेऊन इकडे या.”

दुसऱ्या कुणासाठी नाही, माझं स्वतःचं असं त्या महिन्यातलं ते पहिलंच वाक्य असेल.

आन्यानं मोठी जांभई दिली. “आई, मी दमले.”

दमले. मी तिला उचलून वर स्वयंपाकघरात आणलं. तिनं तूप लावलेली पोळी पूर्ण खाल्ली, वर आणखी अर्धी मागितली. गाल पुन्हा गुलाबी झाले. मी तिच्याजवळ बसून राहिले आणि मनाशी म्हटलं, झालं, सुटलो आपण.

सहाच्या सुमारास सत्यजित आला. बूट काढताना रूट नाइनवरच्या ट्रॅफिकला नावं ठेवत होता. लिव्हिंग रूम रिकामी होती, कार्पेटवर एक खेळणंसुद्धा नव्हतं. तो आमच्याकडे यायला निघाला आणि बोलता बोलता गप्प झाला. बॅग छातीशी धरली. एक पाय उचलून इकडे ठेवला, दुसरा जपून तिकडे. लग्नघरात ओळीनं झोपलेल्या माणसांमधून वाट काढतात ना, तसा तो खोली ओलांडून आला.

“असा काय चालतोयस?” मी विचारलं.

त्यानं नवल वाटून माझ्याकडे पाहिलं.

“कसा?” तो म्हणाला. अगदी हळू, कुणी जागं होऊ नये अशा बेतानं.