उंबरपाड्याची राई

"अहो बाई, खाली उतरा! फांदी मोडली तर झाडाचं काय होईल?"

सादड्याच्या झाडावर चढलेल्या विमलने खाली पाहिलं. खाकी कपड्यांतला एक तरुण कमरेवर हात ठेवून उभा होता.

"आणि माझं काय होईल, त्याची काळजी नाही?"

"आहे ना... झाडाला पुन्हा पालवी तरी फुटेल." तो हसला. "हात द्या."

तो जयराम, सुरगाण्याकडे नव्यानेच आलेला वनखात्याचा रेंजर. ती नाशिकच्या एका कारकुनाची मुलगी, डोंगरात झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या आमरींवर, म्हणजे ऑर्किडवर, संशोधन करणारी. साल एकोणीसशे एक्याऐंशी.

मग दर सुट्टीत ती एस.टी.ने उंबरपाड्याला येऊ लागली आणि तो काहीतरी निमित्त काढून राईत हजर!

"तुम्हाला इथे झाडं दिसतात की मीच?" तिने एकदा विचारलं.

"हल्ली... दुसरं काही दिसतच नाही."

पाड्यातल्या म्हाताऱ्या मंगळूला घेऊन दोघांनी एक बेत आखला. राईत गुरं सोडायची नाहीत, सरपण वाळलेलंच न्यायचं. मध आणि हिरडा विकून पाड्याने चार पैसे मिळवायचे. राईही राहील, माणसंही जगतील. पाड्याने शब्द पाळला. आटलेला झरा पुन्हा वाहू लागला. त्याच झऱ्यावर जयरामने विमलच्या पायातला काटा काढला आणि पाऊल सोडायलाच विसरला...

दिवाळीनंतर वरून हुकूम आला. राई तोडून निलगिरी लावायची.

"नोकरी सोड," विमल म्हणाली.

"मी सोडली तर दुसरा येईल. राहिलो तर झऱ्याकडची झाडं तरी वाचवीन."

तिने विश्वास ठेवला. होळीपर्यंत झऱ्याकडचीही झाडं पडली.

"साहेब, आमी ढोरं उपाशी ठेवली," बुंध्यावर बसलेला मंगळू म्हणाला, "ती कुनासाठी?"

जयराम खाली मान घालून पुढे गेला. उन्हात पडलेल्या फांद्यांवरून विमल सुकत चाललेल्या आमरी सोडवत होती.

"विमल... ही वेळ नाही, कळतंय मला. पण लग्न करशील माझ्याशी?"

तिचे डोळे भरून आले. हे ऐकायलाच तर ती इतके दिवस येत होती!

"तू मला आवडतोस, जयराम. आजही. पण कधीतरी मी विचारीनच... कुऱ्हाडी चालल्या तेव्हा तू आडवा का नाही झालास? तेव्हा काय सांगशील?"

त्याने वाकून फांदीवरची एक आमरी सोडवली आणि तिच्या हातात ठेवली.

ती एस.टी. गाठायला निघाली. त्याने नुसतं नाव घेतलं असतं, तरी ती वळली असती. उतार संपेपर्यंत ती सावकाश चालली.

हाक आली नाही.