शेवटच्या कॅसेटची दुसरी बाजू

चार खोके, तीनशे अठ्ठेचाळीस कॅसेटी. त्यातल्या एकोणीस बिनडबीच्या, सात तुटक्या फितीच्या, आणि एका डबीत कॅसेटऐवजी शर्टाची बटणं. ग्रंथालयाच्या ध्वनिविभागातल्या मुलीने पहिल्याच दिवशी हे सगळं मोजून नोंदवहीत लिहिलं. सहकारी तिला ‘मापटं’ म्हणायचे ते उगाच नाही.

खोके आणणारा तरुण घड्याळं दुरुस्त करायचा. कॅसेटी त्याच्या मामांच्या. मामा गेले, आणि उरलेल्या फिती तुटायच्या आत मामींना ती गाणी संगणकावर उतरवून हवी होती.

“या एक्केचाळीस वेगळ्या का?” मापट्याने विचारलं. त्यांवर मामांच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘भिकार. ऐकू नये.’

“त्याच सगळ्यात झिजल्यात बघा. भिकार आहेत याची मामा रोज खात्री करून घ्यायचे.”

ती खुदकन हसली.

नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात, तिथे घाई चालत नाही. त्याने थांबायची काहीच गरज नव्हती. तरी तो रोज दुपारी यायचा, तिच्या शेजारी बसून एखाद्या घड्याळाचं पोट उघडायचा आणि मान न उचलता बोलायचा... इतकं हळू, की ऐकायला तिला खुर्ची जवळ सरकवावी लागे. रोज थोडी थोडी.

“तुम्ही खरंच प्रत्येक कॅसेट शेवटपर्यंत ऐकता?”

“अगदी शेवटपर्यंत. कोरी फीतसुद्धा.”

“कोऱ्या फितीत काय असतं ऐकण्यासारखं?”

“काय सांगावं... कुणी काही ठेवून गेलेलं असतं.”

तो घड्याळावर आणखी वाकला. कान मात्र लाल झाले.

घरी मागे राहिलेल्या शेवटच्या वीस कॅसेटी त्याने एका सोमवारी आणून दिल्या. “यातली शेवटची जरा नीट ऐका,” एवढंच तो पुटपुटला, तेही तिला धड ऐकू जाणार नाही इतकं हळू, आणि न बसताच गेला. मग नऊ दिवस आलाच नाही. मापट्याने ते नऊही दिवस मोजले.

दहाव्या दिवशी तो दारातच उभा राहिला.

“खोके न्यायला आलोय.”

“बसा ना.”

“नको. दुकान उघडं टाकून आलोय.”

पहिला खोका त्याने उचललादेखील. आता हा गेला की गेलाच, हे तिला कळत होतं.

“माझं काही चुकलं का?”

“तुमचं कशाला चुकेल? उत्तर न देणं हेही उत्तरच असतं.”

“पण... कशाचं उत्तर?”

त्याने खोका खाली ठेवला. “शेवटची कॅसेट. दुसरी बाजू. गाणं संपल्यावर.”

गप्पांपायी तिचं काम इतकं तुंबलं होतं, की त्या वीस कॅसेटी तिने आयुष्यात पहिल्यांदाच न ऐकता उतरवल्या होत्या. ठरावीक पातळीच्या खालचा आवाज ‘शांतता’ समजून कापून टाकायचं काम संगणकावर सोपवलं होतं. ती पातळीही तिनेच ठरवली होती.

“मी ऐकलंच नाही हो! संगणकाने ते... कापून टाकलं. शांतता म्हणून.”

“म्हणजे मी इतका हळू—”

“तुम्ही नेहमीच हळू! जरा मोठ्याने बोलायला काय झालं होतं?”

“मामी शेजारच्या खोलीत होती.”

तिने खोक्यातून कॅसेट शोधून काढली, यंत्रात घातली, फीत पुढे पळवली आणि आवाज पूर्ण वाढवला. खरखर... खरखर... मग कुणीतरी घसा साफ केला.

‘कॅसेटी संपल्या. आता यायला काही कारण उरलं नाही. बिनकारणाचा आलो तर... चालेल?’

तिने फीत मागे नेली. पुन्हा ऐकली. तो खिडकीकडे बघत होता.

“चालेल,” ती म्हणाली.

“काय म्हणालात? ऐकू नाही आलं.”

“मुद्दामच हळू म्हणाले. कळू दे जरा कसं वाटतं ते!”

“मग परत म्हणा.”

“आधी बसा.”

तो बसला. दुकान उघडं होतं ते उघडंच राहिलं. कोपऱ्यात दुसऱ्या कुणाचे दोन खोके वाट बघत पडले होते. संध्याकाळी मापट्याने नोंदवही उघडली, तारीख घातली आणि रोजचा रकाना भरला.

उतरवलेल्या कॅसेटी : शून्य.